सावरीची उशी

माझा नवरा गेला तेव्हा माहेरून भाऊ आला आणि येताना आईनं भरून दिलेली एक उशी घेऊन आला. साताऱ्याकडच्या आमच्या डोंगरात सावरीची झाडं पुष्कळ. उन्हाळ्यात बोंडं फुटली की बायका कापूस गोळा करून उशा भरतात. "डोकं शांत राहील म्हणाली आई," एवढं सांगून भाऊ दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसला. डोकं कसलं शांत राहतंय! आईची नजर तेव्हा मंदावली होती, तिनं बिया नीट काढल्याच नव्हत्या. कूस बदलली की बी टोचायची. शेवटी एका दुपारी मी उशी उसवली, बिया वेचल्या आणि वाटीत ठेवल्या. टाकवेनात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही जुईनगरला राहत होतो. म्हणजे आता मी एकटीच. मूलबाळ नव्हतं. नवरा वाशीच्या मार्केटात तोलार होता, पहाटे जायचा तो दुपारी कांद्याच्या वासानिशी घरी यायचा. सोसायटी नवी, माणसं नवी. दहा-बारा दिवस शेजारणी येऊन बसल्या, नंतर जिन्यात दिसले की घाईघाईनं कुलपाशी खटपट करायच्या. मला भयंकर राग यायचा. दुःख काय अंगाला चिकटतं का?

घरात बसवेना म्हणून मी चालायला लागले. हायवे ओलांडून, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेकडेनं गेलं की एक जुनं गाव लागायचं आणि त्याच्या पाठीशी डोंगर. डोंगराचं एक अंग खाणीनं खाल्लेलं. खडी मशीन पलीकडे सरकलं होतं आणि ही बाजू नुसती टाकून दिली होती. तिच्यावर घाणेरीचं रान माजलेलं, डोक्याएवढं उंच. खाली ना गवत, ना दुसरं रोप. आमच्याकडचे करवंद, कुडा, धायटी, आपटा असलेले डोंगर मला आठवले. माझ्याजवळ तेव्हा राग भरपूर होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. तो मी घाणेरीवर काढला. दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन गेले.

तिथंच ती मला भेटली. गावातली म्हातारी, फाटीला, म्हणजे सरपण गोळा करायला आलेली. कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कोन गं तू? सरकारची हायस क?"

"नाही. जुईनगरची आहे."

"मंग आमचे डोंगरावं काय करतंस?"

"घाणेरी काढतेय."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आमचे लानपनी ही नव्हती. भायरून आली नि बसली आमचे डोंगरावं. तुजेसारखी!" मला राग यायला हवा होता, पण किती दिवसांनी कुणीतरी माझी थट्टा केली होती. मीही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ती कोयता घेऊन यायला लागली. आम्ही दोघी मिळून मुळं खणायचो, उपटलेली झुडपं दगडावर उलटी वाळत टाकायचो, नाहीतर ती पडल्या जागी पुन्हा मूळ धरायची. फळं काळी पडण्याआधी ती काढावी लागायची, कारण बुलबुल ती खाऊन डोंगरभर पेरत हिंडायचे. एवढं करून पावसानंतर पाहावं तर निम्मी परत हजर! पण जिथं ती हटली तिथं कमाल झाली. आम्ही काही न लावता कुड्याचे जुने बुंधे फुटले, करवंदी सरसावली, गवत आलं. सगळं जमिनीत होतंच, नुसतं दबून बसलेलं.

वाटीतल्या बिया मी त्याच पावसाळ्यात पेरल्या. चार-पाच उगवल्या. काही शेळ्यांनी खाल्ल्या, काही उन्हानं गेल्या आणि एक राहिली. म्हातारीनं तिच्याभोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि मासेमारीच्या जुन्या जाळ्याच्या निळ्या दोऱ्यानं ते आवळून बांधलं. प्रत्येक रोपाला ती असंच करायची. उन्हाळ्यात मी कॅननं पाणी न्यायची, ती हंड्यानं. ती पाणी घालताना रोपाशी बोलायची, मी तिच्याशी बोलायची. दिवसभरात मी दुसऱ्या कुणाशी बोलतच नव्हते. पण वर चढून ते रोप दिसलं की मला आईच्या अंगणात गेल्यासारखं वाटायचं, आणि ते एकदा फुललेलं बघायचं एवढीच माझी इच्छा उरली होती.

सात-आठ वर्षं गेली. सावर चांगली सरळसोट वाढली, दोन पुरुष उंच. त्या माघात तिची पानं गळली आणि फांद्यांच्या टोकांना पहिल्यांदाच गोल, काळपट कळ्या दिसल्या. मी रोज जाऊन मान वर करून बघत राहायची.

होळीच्या आदल्या दिवशी म्हातारी वर आली, पण एकटी नाही. मागं तिचा मुलगा आणि गावातले काहीजण होते, कोयते आणि दोर घेऊन. त्यांच्या गावात होळीला सावर उभी करतात. पूर्वी ती याच डोंगरावरून वाजतगाजत न्यायचे. खाणीनं डोंगर खाल्ला तेव्हापासून टेम्पो करून कुठून कुठून झाड आणत होते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या ते मनाला लागून राहिलं होतं.

"औंदा आमचे डोंगराचा झार हाय," म्हातारी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "तुज्या हातचा हाय. तू दे."

"नाही," मी म्हणाले. "कळ्या आल्यात त्याला."

"होलीला देवाचा व्हतं गं झार."

"ते माझ्या आईच्या उशीतलं आहे. तुमच्या डोंगराचं नाही ते."

बोलून गेले खरी. आई तोवर गेली होती, हे म्हातारीला माहीत होतं. मी झाडाला पाठ लावून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. पुरुष खाली बघायला लागले. म्हातारीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं. हसली मात्र नाही.

"शेतं गेली, थय तुमच्या बिल्डिंगा झाल्या. आता डोंगर पन तुमचाच क? घानेरीच तू." मग ती मुलाकडे वळली. "चला रे. रडून दिलेला झार होलीला लागत नाय."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून झाड आलं. संध्याकाळी ढोल माझ्या गॅलरीपर्यंत ऐकू येत होते. आठवड्याभरात सावर फुलली. फुलं थोडीच, पण लालभडक, मैनांची नुसती झुंबड. मी खाली बसून बघत होते आणि "बघ गं" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. ज्याच्यासाठी भांडले ते मिळालं होतं आणि मला ते एकटीला बघवत नव्हतं. पडलेलं एक फूल घेऊन तिच्या दारी गेले. सून म्हणाली, "आय झोपलीय." आत भांडी वाजत होती.

वैशाखात बोंडं फुटली. कापूस जेमतेम ओंजळभर निघाला. मी आईची उशी उसवली, दोन्ही कापूस एकत्र केले आणि नवी उशी शिवली. नव्या बोंडांच्या बिया मुद्दाम काढल्या नाहीत. निरोप-बिरोप काही न देता ती सुनेच्या हातात ठेवून आले.

पाऊस लागायच्या सुमारास सून माझ्या दारात उभी. हातात उशी. "आय म्हनतं, टोचतं." उशी माझ्या हातात देऊन ती पाणीही न पिता गेली. मला वाटलं, संपलं. ती उशी मी तशीच डोक्याखाली घेऊन पडले. कूस बदलली, परत बदलली. कुठंच काही टोचेना. उठून उजेडात पाहिलं तर एका कोपऱ्याची शिवण माझी नव्हती.

श्रावणात ऊन पडलं तशी डोंगरावर गेले. खाणीच्या कडेला, जिथं मी कधी कुदळ लावली नव्हती, तिथली घाणेरी निघाली होती. मोकळ्या जागेत सावरीची बोटभर रोपं ओळीनं उभी होती. प्रत्येकाभोवती करवंदीचे काटे, निळ्या दोऱ्यानं बांधलेले.

मी संध्याकाळी जायची, तेव्हा रोपांखालची माती कधी ओली, कधी नुकतीच उकरलेली असायची. ती सकाळी येऊन जात असणार. पुढं उन्हाळ्यात मीही त्या ओळीला पाणी घालू लागले, आणि माझ्या सावरीच्या फांदीला कधीकधी तिची हंड्याची चुंबळ विसरलेली दिसायची. सकाळी गेले असते तर भेट झाली असती. पण मला बघून ती यायचीच थांबली तर, ही भीती होती. म्हणून मी माझी वेळ बदलली नाही. चुंबळ तिथंच राहू द्यायची, तिच्या ओळीला एक कॅन पाणी घालायची आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायची.