बंब अजून वापरात आहे

मी औषधांच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. दोष शोधायचे आणि ते लिहून ठेवायचे, हे माझं काम. निम्मं आयुष्य यात घालवल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे : दोष दिसला की तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्न ठरत असताना मुलीकडच्या मंडळींना मी स्वतःहून माझ्या मूळव्याधीबद्दल सांगितलं होतं. चहाचे कप अजून त्यांच्या हातात होते. बायको ही गोष्ट आजही पाहुण्यांना ऐकवते, आणि तेव्हाही त्यांच्या हातात चहाचे कपच असतात.

आमची मुलुंडची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि सगळ्या मजल्यांवर सामान विकायची साथ आली. आम्ही भाड्याने घेतलेलं घर इतकं लहान होतं की दलालाने दाखवताना आम्हाला एकेक करून आत सोडलं. बायकोने पहिल्याच फेरीत जाहीर केलं, "तो बंब इथे येणार नाही. एक तर तो, नाही तर मी."

बंब तांब्याचा. कमरेएवढा उंच, मध्ये धुराडं, खाली विस्तवाची जागा, बाजूला नळ. आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहायचो तेव्हा आंघोळीचं पाणी त्यातच तापायचं. मुलुंडला आल्यावर गिझर बसला आणि बंब गॅलरीच्या कोपऱ्यात निवृत्त झाला. त्यानंतर त्याच्यावर फक्त कबुतरं बसली.

मी आईला विचारलं, "आई, बंब विकू का गं?"

आई कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं घर आहे. तू बघ."

आमच्या सिंधुदुर्गाकडच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल की या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. गावच्या घराच्या वाटणीच्या वेळी काकांनी वडिलांना हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी फक्त लग्नपत्रिकांतून बोलले. मला हे पुरतं ठाऊक होतं. तरी मी ती परवानगी समजलो, कारण मला परवानगी हवी होती.

जुन्या वस्तूंचे लिलाव होतात अशा एका साइटवर मी बंब चढवला. फोटो काढायच्या आदल्या दिवशी आईने स्वतः चिंच लावून तो घासला. "विकायचा तर घाणेरडा कशाला द्यायचा," म्हणाली. बंब असा उजळला की मला स्वतःची लाज त्यात स्पष्ट दिसायला लागली.

माहितीत मी सगळं लिहिलं. डाव्या बाजूला पोचा आहे. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळतो. झाकणाची कडी मूळची नाही, नंतर बसवलेली आहे. कबुतरांचाही उल्लेख केला. बायको म्हणाली, "तू बंब विकतोयस की बंबाविरुद्ध साक्ष देतोयस?" ‘वापर’ या रकान्यात मी लिहिलं : आंघोळीचं पाणी तापवण्यासाठी. हे अगदी खरं होतं. कोणाच्या आंघोळीचं, ते साइटने विचारलं नव्हतं.

एका बाईने मात्र मेसेज करून विचारलं, "काका, फोटोत दिसत नाही असं काही नाही ना?" मी तिच्याहून फार तर पंधरा वर्षांनी मोठा असेन. त्या ‘काका’ने मी दुखावलो होतो, की मला खरोखरच आठवलं नाही, याचा मी बराच विचार केला आहे. मी उत्तर दिलं, "नाही. सगळं लिहिलं आहे."

शेवटच्या संध्याकाळी वर्सोव्याची ही बाई आणि कांदिवलीचा एक गृहस्थ यांच्यात जुंपली. एकाने बोली चढवली की दुसरा त्याच्यावर. शेवटी वर्सोवा जिंकलं. बायको सोफ्यावरून ताडकन उठली. मालिका बघत बसलेली आई दचकून म्हणाली, "काय झालं? कोण गेलं?" आमच्या घरात फोन बघून माणूस असा उठला की सहसा कोणीतरी गेलेलंच असतं.

रविवारी ती बाई टेम्पो घेऊन आली. तिशी ओलांडलेली, हसरी, बंब बघून डोळे चमकलेली. वर्सोव्याला तिचा छोटा कॅफे होता. आईने तिला बसवलं आणि कोकम सरबत दिलं. तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला की रविवारी सामान न्यायला सेक्रेटरीची परवानगी लागते. मी परवानगीसाठी खाली गेलो. सेक्रेटरी दाढी करत होते, त्यामुळे वेळ लागला, आणि शेवटी सही करून वर पाठवतो म्हणाले. परत आलो तर दार उघडं होतं, आणि मी चपला काढत असताना आतलं बोलणं कानावर आलं.

"तू काय करतलंस गो ह्या बंबाचा?" आई विचारत होती.

"कॅफेत ठेवणार, आजी. एकदम मधोमध. नळातून कोकम सरबत. लोक स्वतः ग्लास भरून घेणार. झकास दिसेल ना?"

"पिणार? ह्याच्यातलं?"

"हो. आतून स्वच्छ करून घेईन ना मी."

"स्वच्छ आहे गो. तांब्याला काय लागत नाय. मी दरवेळी चिंच नि राख लावून घासायची."

"दरवेळी म्हणजे?"

"कोण गेलं की."

बाई हसली. "म्हणजे पाहुणे गेल्यावर?"

"नाय गो. कायमचं." आईचा आवाज अगदी घरगुती होता, लोणच्याची कृती सांगावी तसा. "ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत ना? मग त्याच्या आंघोळीचं पाणी कोण तापवणार? बंब आख्ख्या चाळीत आमचा एकच. समोरचे मास्तर ह्याच पाण्याने गेले. मग त्यांची सासू, ती नव्वदीची होती, मास्तरांच्या मागनं गेली. खालचा तबलजी. माझी सासू. आमचे हे तर असे आडवेतिडवे, दोनदा भरायला लागला."

मी एक चप्पल काढून दुसरी पायात ठेवून तसाच उभा होतो. थांबवायला हवं होतं हे कळत होतं. पण आई एक शब्दही खोटं बोलत नव्हती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला अडवायचं कसं याचं प्रशिक्षण आमच्या विभागात देत नाहीत.

आत ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या बाईने विचारलं, "आजी, हे सरबत... याच्यातलं नाही ना?"

"नाय गो. फ्रिजातलं. घे, संपव."

तिने संपवलं नाही. फोन करायला गॅलरीत गेली. बंब गॅलरीतच होता, म्हणून लगेच परत आली. मला म्हणाली, "सॉरी यार... म्हणजे, सॉरी काका. मला नाही जमणार." टेम्पो रिकामा गेला. सेक्रेटरींनी तोवर परवानगीवर सही करून पाठवली होती.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. बोली जिंकून माघार घेतली अशी तक्रार मी केली तर तिचं खातं बंद होईल, तेव्हा प्लीज तसं करू नका. आणि मग : "पण काका, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं." साइटवर तिने माझ्याबद्दल अभिप्रायही लिहिला होता. चार तारे. ‘वस्तू उत्तम. माहिती अपुरी.’

माहिती अपुरी. हे शब्द मी स्वतः लाल शाईने इतरांच्या कागदांवर लिहीत आलो आहे. मला जेवण गेलं नाही.

"तक्रार कर," बायको म्हणाली. "लिलाव म्हणजे काय खेळ आहे? बोली लावली की न्यायचं."

"तिची चूक नाही."

"मग कोणाची? आईंची?"

"तिचीही नाही. माझी."

"तुझी तर असतेच. उद्या पश्चिम रेल्वेची वायर तुटली तरी ती तुझीच चूक." मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "त्या कांदिवलीवाल्याला विचार ना. दुसरी बोली त्याचीच होती."

कांदिवलीवाल्याला मी विचारलं, पण या वेळी माहिती अपुरी राहणार नव्हती. लिहिलं की सदर बंबाचा उपयोग शेजारच्या तसेच घरच्या मृत व्यक्तींच्या अंतिम स्नानाचं पाणी तापवण्यासाठीही वेळोवेळी झालेला आहे, दरवेळी तो चिंचेने घासला गेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बंबातल्या पाण्याने आम्ही घरचे सगळे आंघोळ करत आलो असून कोणालाही काही झालेलं नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. "साहेब, आमच्याकडे मुलीच्या हळदीला हवा होता."

बायकोने माझा मेसेज दोनदा वाचला. "‘सदर बंब’," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात परत देऊन आत निघून गेली.

घर रिकामं करायचा दिवस जवळ येत चालला होता. भंगारवाला दोनदा दारावर येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला ‘नंतर ये’ म्हणालो, आणि दोन्ही वेळा आई आतल्या खोलीत एकदम गप्प झालेली मला ऐकू आली. गप्प झालेलं माणूस ऐकू येतं. निदान मला येतं.

शेवटी एका दुपारी मी तिच्यासमोर जाऊन बसलो. ती वालाचे दाणे सोलत होती.

"आई, तुला विकायचा नव्हता तर सरळ सांगायचं ना."

"सांगितलं की. तुझं घर आहे, तू बघ."

"आणि त्या बाईला सगळे मेलेले लोक मोजून दाखवलेस. त्याच बंबात बाळंतिणींचं पाणी तापायचं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं तापायचं. ते का नाही सांगितलंस?"

"तिने विचारलं नाय."

माझंही समर्थन तेच होतं.

"पण तुला तो हवाय कशाला?" मी म्हणालो. "नव्या घरात धूर करू देणार नाहीत. गिझर आहे."

"जगायला गिझर आहे ना," आई म्हणाली. ती सोलत राहिली. "माझ्या सासूला मी ह्याच पाण्याने आंघोळ घातली. तुझ्या बाबांना घातली. मला काय गिझरने घालणार? तुझा तो गिझर, मध्येच थंड पाणी येतं."

मी तिच्या हातांकडे बघत राहिलो. एवढे दिवस मी बंबाचे दोष मोजत होतो, आणि ती त्याच्यात आपली पाळी राखून बसली होती. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती बहुधा, मी नेहमी तेच करतो. पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"माझं झालं की विकून टाक," ती म्हणाली. "तोवर भाव पण वाढेल. जुनी वस्तू आहे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. मला वाटलं होतं ती भांडी लावते आहे. भांड्यांचा आवाज मात्र केव्हाच थांबला होता. "नव्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या बाजूला जागा निघेल," ती म्हणाली. मग बाहेर येऊन, हात पुसत, माझ्याकडे न बघता, "कांदेबटाटे ठेवू त्याच्यात. नुसती जागा अडवून नाही बसायचं."

"ठेव गो," आई म्हणाली. "मला आंघोळ घालायच्या आधी काढ म्हणजे झालं. नायतर कांद्याचा वास घेऊन जायची मी वर."

दोघी हसल्या. मला रडू येत होतं, त्यामुळे मी एकटाच विचित्र दिसत होतो.

त्याच संध्याकाळी मी साइटवरचं काम उरकलं. वर्सोव्याच्या बाईविरुद्ध तक्रार केली नाही, व्यवहार दोघांच्या संमतीने रद्द अशी नोंद केली, आणि माहिती पूर्ण असावी म्हणून तिला कळवलं की बंब आता आईच्या माघारीच विकायचा. बंब काढून घ्यायचा तर साइट कारण विचारत होती. दिलेल्या पर्यायांतला एक होता, ‘वस्तू विक्रेत्याच्या वापरात आहे’. माझं बोट त्याच्यावर अडलं.

"पण आत्ता तर तो वापरात नाही," मी म्हणालो.

बायकोने माझ्या खांद्यावरून वाकून बटण दाबलं. "वापर ठरलेला आहे," ती म्हणाली. "तारीख ठरायचीय फक्त."

आता आम्ही भाड्याच्या घरात आहोत. बंबात कांदे आहेत. गॅलरीत जायचं तर त्याला वळसा घालून जावं लागतं, आणि इथली कबुतरंसुद्धा त्याच्यावरच बसतात. वर्सोव्याच्या बाईला मी नवा पत्ता कळवला नव्हता, कळवायचं कारणही नव्हतं. पण मध्ये एकदा अचानक तिचा मेसेज आला : "काका, आजी बऱ्या आहेत ना?"

मी हा मेसेज इतक्या वेळा वाचला की बायकोला संशय आला. शब्द प्रेमाचे होते. एका म्हाताऱ्या बाईने तिला सरबत पाजलं होतं, आपुलकीने गप्पा मारल्या होत्या, ती आठवण असेल. पण तांब्याच्या बंबाच्या मालकिणीची तब्येत विचारण्याला आणखीही एक कारण असू शकतं. अशी शंका माझ्या मनात आली याबद्दल मला वाईट वाटलं, आणि शंका खरी असेल तर तिच्याबद्दलही वाईट वाटलं. असं दोन्हीकडून वाईट वाटून घेऊन झाल्यावर मी तो मेसेज आईला वाचून दाखवला.

"कोण? ती सरबतवाली?" आई खूश झाली. "तिला सांग, ठणठणीत आहे. नि बंब पण तसाच आहे म्हणावं."

"बंबाचं कशाला लिहू?"

"लिही रे. गिऱ्हाईक चांगलं आहे," आई म्हणाली. "तोडू नको."