बुवांचं नव्हे, घराण्याचं

माझ्या गॅलरीत आलेला मराठी माणूस आधी एसीबद्दल बोलतो. "वहिनी, किती थंड ठेवता हो!" मी सांगते, तो माणसांसाठी नाही, लाकडासाठी आहे. आजच्या बेल्जियमच्या भागात चारशे वर्षांपूर्वी ओकच्या फळ्यांवर रंगवलेली फ्लेमिश चित्रं मी विकते. सिंगापूरच्या दमट हवेत त्या फळ्या फुगतात आणि रंग सुटतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आपल्याकडचं काही का नाही ठेवत?" मी मनात म्हणते, नोकरी कुठल्याही देशाच्या कंपनीत केलेली चालते, चित्रं मात्र मी आपलीच विकायची!

गेल्या वर्षी गॅलरीचा भाडेकरार संपत आला होता. एक मोठं चित्र विकलं गेलं तरच जागा टिकणार होती. तेव्हाच नवऱ्याच्या शिपिंग कंपनीतले वरिष्ठ पत्नीला घेऊन आले. त्यांना नेमकं ते मोठं चित्रच आवडलं. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर पाव आणि अर्धा कापलेला मासा.

"जेवणाच्या टेबलासमोर मेलेला मासा?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "आणि गणपतीत काय करायचं?"

"गणपतीत पडदा लावू," असं म्हणून ते चित्राखालची पाटी वाचू लागले. "नाव तर मोठ्या माणसाचं आहे. मग पुढे 'यांची कार्यशाळा' कशाला?"

"कारण हे त्यांनी रंगवलेलं नाही. त्यांच्या हाताखालच्या कुणीतरी रंगवलंय."

"गुरूंनी कुठेतरी ब्रश लावलाच असेल की."

"असेलही. मला दिसत नाही."

"वहिनी, एक शब्द तर काढायचाय. किंमत तुम्ही म्हणाल ती. घरी येणाऱ्यांना काय कळतंय?"

"हे गाणं घराण्याचं आहे, बुवांचं नाही," मी म्हटलं. "बुवांचं नाव लावून शिष्याला बसवलं, तर तुम्ही तिकिटाचे पैसे परत मागाल."

त्यांच्या पत्नी खुदकन हसल्या. ते हसले नाहीत. "मी घरचं समजून बोलतोय."

"म्हणूनच चहा दिला. पाटी बदलणार नाही."

ते चित्र न घेताच गेले आणि लगेच नवऱ्याचा फोन आला. "अगं, एका शब्दासाठी? साहेब आहेत ते माझे."

"तू तपासतोस त्या जहाजाच्या इंजिनावर दुसऱ्या कंपनीचा शिक्का मारून देशील?"

तो मग म्हणाला, "चित्र चांगलं आहे का पण?"

चांगलं होतं म्हणूनच तर मला राग आला होता. माशाच्या कापाची ओली कड आणि सुरीवर चिकटलेला एकच खवला ज्याने रंगवला, त्याचं नाव कुणालाही माहीत नाही. त्याच्या कामावर दुसऱ्याचं नाव लिहायला मी तिथे बसलेली नव्हते.

करार नवा झाला नाही. मी सिंगापूरमधल्याच क्वीन्सटाउन भागातल्या एका ऑफिस इमारतीत निम्म्या आकाराची खोली घेतली. नवऱ्याने स्वतः शिडीवर चढून ते चित्र दारासमोर टांगलं. पाटी मी नवी करून घेतली. 'कार्यशाळा' हा शब्द आता नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे, आणि एसी तेवढाच थंड.