पडायची जागा

परवा गादी पुन्हा भरून घेतली. पिंजाऱ्यानं जुना कापूस अंगणात मोकळा केला आणि तागाचं पोतं, सरकी आणि वर्षानुवर्षं दबलेली रुई यांचा मिळून एक वास उठला. कापूस बदलला जात नाही ना, एवढंच बघायला मी उभी होते. पण त्या वासानंतर काही वेळ माझं कापसाकडे लक्षच राहिलं नाही. याच वासावर मी दोन वर्षं पडत होते. अगदी शब्दशः पडत होते. सेलूच्या मुलींच्या शाळेच्या मागच्या खोलीत, रोज संध्याकाळी पाच ते सहा, जिनिंगच्या कारखान्यातली वाया गेलेली रुई भरलेल्या पोत्यांवर.

आम्हाला पाडायला शिकवणाऱ्या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान जपानात, कोबेला, कापडाच्या पेढीवर कारकून होते. तिथल्या सहा वर्षांत बाई आयकिडो ही तिथली स्वसंरक्षणाची विद्या शिकल्या. यजमान गेल्यावर त्या माहेरी सेलूला परतल्या आणि नऊवारी नेसणाऱ्या आईसमोर ढगळ पांढरा पायजमा घालून उभ्या राहिल्या. गावानं त्याला कराटे म्हटलं. माझ्या वडिलांनी ‘आयकिडो’चं ‘एकी’ करून घेतलं आणि काहीतरी संस्काराचं असेल अशा समजुतीनं मला पाठवलं. बाई फार समजावत नसत. म्हणायच्या, “पाहुणा दारात आला तर उंबऱ्यात आडवी उभी राहतीस का? बाजूला होतीस, आत घेतीस. तसंच. समोरचा अंगावर आला की बाजूला हो, पण पाठ फिरवू नको. त्याचा जोर त्यालाच वापरू दे. आणि ध्यानात ठेव, पाडलेल्या माणसाची जबाबदारी पाडणाऱ्याची.” हे शेवटचं वाक्य मला तेव्हा खुळचट वाटायचं. भांडण त्यानं काढायचं आणि त्याचं डोकं मी सांभाळायचं?

आम्ही सहा जणी होतो आणि सहाही जणींना एकच रोग होता. एकमेकींना पाय लागला की हात आपोआप त्या अंगाला लागून कपाळाकडे जायचा. नमस्कार! लहानपणापासून हाडात मुरलेला. आयकिडोत पाय तर सारखाच लागतो. त्यामुळं एक जण दुसरीला वळवतेय, मध्येच पाय लागतो, दोघी थांबतात, नमस्कार होतो आणि मग पुढं. बाई कपाळावर हात मारायच्या. “अगं, तू नमस्कार करस्तोवर तो तुझं नाक फोडून परभणीला पोचंल!” त्यांनी नमस्कार बंदच केला. तरी हात जायचाच, आणि सगळ्यांत जास्त माझा.

माझी जोडीदारीण माझ्याच वर्गातली होती. तिचे वडील शिक्षक, घर बौद्ध. आमचं घर जमीनजुमल्याचं. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचा विषय निघाला की आमच्या ओसरीवर आवाज चढायचे. त्याच वेळी तिच्या घराचं दार दिवसाउजेडी लागायचं, हे मला फार नंतर कळलं. आयकिडोत मात्र ती आमच्यात सगळ्यांत तयार होती. वाऱ्यानं पडदा हलावा तशी बाजूला व्हायची.

एका संध्याकाळी आम्ही दोघी सराव करत होतो. माझा पाय तिच्या पोटरीला लागला आणि मी न थांबता डाव पुरा केला. मला कोण आनंद झाला! “बाई, बघा, गेली सवय!” मी ओरडले.

ती पोत्यावरून उठली, ओढणी झटकली. “गेली कुठं? सगळ्याजणींच्या वक्ताला हात जायलाय तुझा. निस्ता माझ्या वक्ताला जायना. आज न्हाई, पयल्यापासून.”

खरं होतं ते, आणि मला ते माहीतही नव्हतं. तिनं चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. शाळेत ती सरळ माझ्या पलीकडं बघायची. मी बाईंना म्हटलं, “मी तिची माफी मागू?” त्या म्हणाल्या, “माग की. पण तिनं दिलीच पाहिजे असं धरून जाऊ नको.” मी मागितली. तिनं ऐकून घेतली आणि वही मिटली, बस. तिचं शिकणं माझ्यामुळं सुटणार, एवढंच मला दिसत होतं.

चौथ्या दिवशी ती आली. मी उठून उभी राहिले तर म्हणाली, “मी शिकाया आले. तुझ्यासाठी न्हाई.” बाईंनी मुद्दाम आमचीच जोडी लावली. मला सांगितलं, “धावून जा, खांदा धर. खोटं खोटं नको.”

मी गेले. हाताला खांदा लागला आणि पुढच्या क्षणी तिथं खांदाच नव्हता. माझाच जोर मला घेऊन निघाला. कुठं धक्का नाही, ओढ नाही. इतकं सोपं काही मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. पण घाबरून मी अंग ताठ केलं, पोत्यांच्या कडेबाहेर गेले आणि डोकं शहाबादी फरशीकडं निघालं. आवाज झाला तो माझ्या डोक्याचा नव्हता. तिचा तळहात फरशी आणि माझं डोकं यांच्या मध्ये होता. बोटांची पेरं सोलली होती.

पडताना माझा पाय तिला लागला होता. या वेळी हात आपोआप गेला नाही, मी तो नेला. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. बाईंनी बंद केलंय न्हाई का? ऊठ. पुन्यांदा.”

वर्ग सुटताना मी बाईंना विचारलं, इतक्या चपळाईनं तिचा हात पोचला कसा? बाई पोती रचत होत्या. “पोचला न्हाई. आधीच तिथं होता. तुला वळवतानाच तिनं तुझी पडायची जागा बघून ठेवली होती.”

मैत्री म्हणावी असं आमचं पुढं काही झालं नाही. शाळा संपेपर्यंत जोडी टिकली, मग ती नर्सिंगला गेली आणि मी नोकरीला लागले. डावांची जपानी नावं मी विसरले, गुडघे आता वाकत नाहीत. पण सतरा वर्षांच्या त्या मुलीजवळ मला आपटू देण्याचं पुरेसं कारण होतं आणि तरीही तिचा हात माझ्याआधी जमिनीवर होता, हे आजही मला पुरतं उमगलेलं नाही. नोकरीत चौकशी लावून, बदली करून माणसांना खाली आणायचे प्रसंग माझ्यावर पुष्कळ आले, कधी न्यायानं, कधी नुसत्या रागानं. दरवेळी आधी त्यांची पडायची जागा बघावी असं ठरवते. बहुतेकदा ते मला आवाज झाल्यावर सुचतं.