आत्याची मान न विचारता मोजली

आमची आत्या बावीस वर्षं एका मोठ्या गोदामात क्रेन चालवते. उभी शिडी चढून ती केबिनमध्ये बसली, की खालचे साहेबलोक तिला मुंग्यांएवढे दिसतात. खाली उतरल्यावरही तिचं मत फारसं बदलत नाही.

सोमवारी तिच्या हातात पत्र पडलं. रक्तवाहिन्या कडक झाल्याची शक्यता. उद्यापासून क्रेन बंद, हत्यारांच्या खोलीत बसा.

"मला तपासलं कधी?" आत्या थेट साहेबांच्या टेबलासमोर. मला तिनं पत्र वाचून दाखवायला सोबत नेलं होतं, पण वाचायची वेळच आली नाही.

साहेब कौतुकानं सांगू लागले. फाटकावर हजेरीच्या कॅमेऱ्याशेजारी तीन महिन्यांपूर्वी एक डबी बसवली होती. नाडीच्या ठोक्यासरशी मानेवरची कातडी कशी थरथरते, चेहऱ्याचा रंग किंचित कसा बदलतो, हे ती लांबूनच टिपते. वाहिनी जितकी कडक, तितकी नाडीची लाट वेगानं धावते. "ताई, तुम्हाला बोटसुद्धा लावलं नाही!"

"तेच तर! बोट लावायचं तर विचारावं लागलं असतं. तीन महिने माझ्या मानेला कान लावून बसलात, आणि मी मेली रोज त्या डबीच्या काचेत बघून केस नीट करत होते!"

मला हसू आलं. तिनं असं पाहिलं, की माझ्याच रक्तवाहिन्या कडक झाल्या.

"तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मलाच न सांगता? स्टॉपपासून धापा टाकत येते मी, तेव्हा मोजलंत होय? डॉक्टरकडून नीट तपासा. मग बघू कोण कुठे बसतं ते."

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, मग दहा मिनिटं निजवून दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधले. वाहिन्या थोड्या कडक होत्याच. गोळी घ्या, मीठ कमी करा. क्रेनला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

डबी खरी निघाली, याचाच आत्याला जास्त संताप. "चोर खरं बोलला म्हणून साव होतो काय रे?"

आता ती गोळी घेते, क्रेन चालवते. पण फाटकाशी येताच मफलर नाकापर्यंत गुंडाळते. कॅमेरा हजेरी घेत नाही. रखवालदार कुरकुरत वही काढतो. मागच्या आठवड्यात रांगेत आणखी अकरा मफलर होते.

काल रखवालदार काकुळतीला आला. "मावशी, काढली हो ती डबी!"

"लेखी दाखव," आत्या मफलरातून म्हणाली.