अण्णाची बढती आणि अप्पांच्या गोळ्या

नव्वदच्या दशकात माझा थोरला भाऊ, अण्णा, बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. मालकांनी शाल, चंदनाचा हार आणि एक भाषण दिलं. भाषण शालीपेक्षा लांब होतं. पगारवाढ बेताचीच, पण तेवढ्यानेही तो कामगार विम्याच्या पगारमर्यादेबाहेर गेला. चालू मुदत संपली आणि त्याच्या कार्डावर मिळणारी आमच्या वडिलांची औषधं थांबली. हा मुद्दा भाषणात राहून गेला होता.

अप्पांना साखर आणि रक्तदाब, दोन्ही जुने. अण्णा व्यवस्थापकांना म्हणाला, "मला परत खाली घ्या."

"अहो, लोक काय म्हणतील? तुमचा फोटो लावलाय फाटकाजवळ."

घर भाड्याचं, माझी नोकरी कच्ची. साखरेच्या गोळ्या विकत येऊ लागल्या. दाबाच्या गोळ्यांचं अप्पा म्हणाले, "त्या राहू दे. सोय झालीय."

सोय म्हणजे विमा दवाखान्याच्या बाकावरचा त्यांचा कन्नड मित्र. तोही मुलाच्या कार्डावर औषधं घ्यायचा. दाबाचा आजारही तोच. औषधं बंद झाली तरी अप्पा त्या बाकावर जाऊन बसत. एकदा मी सोबत होतो. मित्राने गोळ्यांची पट्टी त्यांच्या खिशात सरकवली.

"घ्या राव. डॉक्टरनं माझ्या स्वल्प कमी केल्यात. उरतात."

"तुझा दाब उतरला? बायको माहेरी गेली की काय?"

"सरी, सरी, बरं बरं. सुपरवायझरच्या बापाचा खिसा आम्हीच भरायचा!"

दोघं खोकला येईपर्यंत हसले.

काही महिन्यांनी मित्र बाकावर दिसेना. अप्पा मला घेऊन त्याच्या घरी गेले. तो खाटेवर होता. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. डोक्यातली शीर फुटली, असं त्याची बायको म्हणाली. पदराने त्याच्या ओठांची कड पुसत ती सांगत होती, "डॉक्टर विचारतात, गोळ्या नीट घेत होते का? मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. कमी करा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि यांनी एकही चुकवली नाही. मग असं कसं हो झालं?"

अप्पांचा हात खिशाकडे गेला. ओठ हलले. तेवढ्यात मित्राने चालत्या डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं आणि मान हलवली. नको.

अप्पा खाटेच्या कडेला टेकले.

"नाही, अक्का," ते म्हणाले. "तो कशाला चुकवेल?"

दुसऱ्या दिवशी अण्णाने उसनवारी करून दाबाच्या गोळ्या आणल्या. अप्पा गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बसून राहत. मग आम्ही बघतोय म्हणून गिळत.