मोटरीचा दोर

नात पुण्याहून अकोल्याजवळच्या आमच्या गावी आली ती सामान घेऊनच. रविवारी ती पहिल्यांदा कड्यावर चढणार होती. ओट्यावर तिने हेल्मेट, कमरेला बांधायचा हार्नेस आणि घट्ट बूट मांडले.

"दोर तेवढा मैत्रिणीचा जुना मिळतोय, आजोबा. चांगला दिसतो. घेऊ का?"

मी तिला शेजारी बसवलं.

तरुणपणी गावामागच्या कड्यावर मी आणि माझा मित्र हौसेने चढलो होतो. दोर मी आणला होता, विहिरीत मोटर सोडायचा. एका जागी तो उन्हाने विरला होता. तिथे मी चिकटपट्टी गुंडाळली.

कमरेला गाठ मारताना मित्राने विचारलं, "दोर धड हाय ना रं?"

"मोटर पेलतो, तुला पेलनार न्हाई व्हय?"

तो हसला आणि माझ्यामागून चढू लागला.

मोटर सावकाश उतरते, माणूस झटक्याने पडतो. हे मला कळलं तेव्हा तुटलेलं टोक चिकटपट्टीसकट माझ्या हातात होतं आणि तो खाली निपचित पडला होता. मी त्याच्या कमरेची गाठ सोडली, दोर विहिरीत टाकला आणि गावाला सांगितलं, त्याने दोर बांधलाच नव्हता. त्याची आई मरेपर्यंत लेकाच्या आडदांडपणाला बोल लावत राहिली. विहिरीत डोकावलो की अजून ऐकू येतं, "धड हाय ना रं?"

हे सगळं मी नातीला सांगितलं. तिने फोन करून मैत्रिणीला दोर नको म्हणून कळवलं. मग हळूच विचारलं, "त्यांच्या घरी आता कोण आहे?"

"धाकटा भाऊ."

तिने माझी काठी आणून दिली. मी चपला घातल्या.