दाराशी काढलेल्या चपला

"स्वतःवर विसंबू नका, सगळा भार प्रभूवर टाका," असं पाळकसाहेबांनी सांगितलं आणि चर्चमध्ये सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले. शेजारी सुशीलाबाई पुटपुटत होत्या, "प्रभू, उद्या ह्यांचं ऑपरेशन. सगळं तुझ्या हाती सोपवलंय." रिपोर्टांची फाईल मात्र त्यांनी छातीशी गच्च आवळलेली. मला हसू आलं. माणूस देवाला सगळं देतो, फक्त हातातलं सोडून!

आमेन झाल्यावर मी म्हटलंच, "बाई, प्रार्थनेतसुद्धा फाईल सुटली नाही तुमची!"

"ती डॉक्टरांना दाखवायचीय. देवाला कशाला लागते?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण प्रार्थनेत तुम्हाला ती दिसली कशी?"

प्रार्थनाभर माझा एक डोळा दाराशी काढलेल्या माझ्या नव्या चपलांवर होता.